डेट्रॉइटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: नव्याने येणाऱ्यांसाठी, आणि पुण्याहून फोन करणाऱ्या मावशीसाठी पण

पिंपरी-चाकणच्या कुठल्यातरी ऑफिसातून कोणी इकडे यायला निघालं की पहिला फोन मला येतो आणि प्रश्न तेच असतात. भुताचं शहर आहे ना, एक डॉलरला घर मिळतं ना, रात्री बाहेर पडता येतं का. दरवेळी तेच सांगून घसा कोरडा पडला म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी काही टाऊन प्लॅनर नाही, गाड्यांच्या पार्ट्सच्या धंद्यात आहे, पण गेली बरीच वर्षं या शहरात पायी, सायकलने आणि बसने फिरत आलेय, त्यामुळे मतं भरपूर आहेत.

आमचा भाचा डेट्रॉइटला असतो. तुम्ही त्याच्या जवळच राहता का?

भाचा बहुतेक डेट्रॉइटमध्ये राहत नाही. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स यातलं काहीतरी असणार. आपली मराठी मंडळी जवळजवळ सगळी उपनगरात, तिथे शाळा चांगल्या, ऑफिसं जवळ, भारतीय किराणा पण तिथेच. हे सगळे फोनवर "डेट्रॉइट" सांगतात कारण कँटन म्हटलं तर तिकडे कोणाला काय कळणार. पण खरं डेट्रॉइट शहर उत्तरेला एट माइल रोडला संपतं, आणि तो रस्ता नुसती हद्द नाहीये, इथल्या माणसांच्या डोक्यातली पण रेघ आहे. मला असे लोक माहितीयेत जे दहा वर्षं या भागात राहिले, शहरात फक्त मॅच बघायला गेले आणि तसेच बदली होऊन निघून गेले.

शहर दिवाळखोर झालं म्हणजे नक्की काय झालं? शहर बंद पडतं का?

बंद नाही पडत. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइटने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज आणि देणी. तेव्हापर्यंत अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराने असं कधी केलं नव्हतं. त्याआधीच राज्य सरकारने केविन ऑर नावाचे इमर्जन्सी मॅनेजर आणून बसवले होते, म्हणजे मेयर आणि नगरसेवक लोकांनी निवडलेले पण निर्णय दुसऱ्याच माणसाच्या हातात, आणि याचा राग लोकांच्या मनात अजून आहे.

यातला खरा गुंता होता म्युझियमचा. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समधली चित्रं शहराच्या मालकीची, तर शहराला कर्ज दिलेले लोक म्हणाले विका ती. दुसरीकडे आयुष्यभर पालिकेत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांची पेन्शन. शेवटी देणग्या देणाऱ्या संस्था, राज्य सरकार आणि म्युझियम यांनी मिळून ८१.६ कोटी डॉलर वीस वर्षांत द्यायचं कबूल केलं, चित्रं वाचली आणि पेन्शनची कात्री लहान झाली. लहान म्हणजे साध्या कर्मचाऱ्यांची ४.५ टक्के कापली, वर दरवर्षी महागाईप्रमाणे मिळणारी वाढ पण गेली. डिसेंबर २०१४ मध्ये शहर त्यातून बाहेर आलं. हे सगळं "डेट्रॉइटचं पुनरागमन" म्हणून सांगतात तेव्हा ती कापलेली पेन्शन कोणी मोजत नाही, म्हणून मी मुद्दाम आधी लिहिली.

एवढी माणसं गेली कुठे?

१९५० ला इथे साडेअठरा लाख लोक होते. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. म्हणजे तीनातली दोन माणसं गेली. आपल्याकडे सगळे एका वाक्यात उत्तर देतात की कारखाने बंद पडले. ते खरंय पण अर्धवट आहे, कारण बरेच कारखाने आणि बरीच माणसं फार लांब गेलीच नाहीत, एट माइलच्या पलीकडे गेली.

आणि कोणाला जाता आलं आणि कोणाला नाही हे ठरलेलं होतं. शहराच्या वायव्येला बर्वुड नावाच्या रस्त्यामागे एक भिंत अजून उभी आहे, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती पण शेजारी काळ्या लोकांची वस्ती, त्यामुळे सरकारी हमीचं कर्ज मिळेना, मग त्याने मध्ये भिंत घातली आणि कर्ज मिळालं. आता तिच्या एका तुकड्यावर मुलांच्या मैदानाशेजारी रंगीत चित्रं काढलीत. पाहुणे आले की मी त्यांना टॉवर दाखवायच्या आधी ही भिंत दाखवते, थोडे गप्प होतात.

दुसरी गोष्ट फ्रीवेची. डाउनटाउनला खेटून ब्लॅक बॉटम नावाची वस्ती होती, नाव जुन्या काळातलं, तिथल्या काळ्या कसदार मातीवरून पडलेलं. नंतर तिथे काळे लोक आले, हेस्टिंग्ज स्ट्रीटवर त्यांची दुकानं, डॉक्टर, न्हावी, जॅझचे क्लब, सगळं. पन्नाशीच्या दशकात "झोपडपट्टी हटाव" म्हणून ती वस्ती पाडली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी फ्रीवे खणला, त्याचा डाउनटाउनजवळचा तुकडा म्हणजे आजचा आय-३७५, १९६४ ला सुरू झालेला. जेमतेम एक मैल. आता तोच बुजवून साधा रस्ता करायचं ठरलं, केंद्राने २०२२ मध्ये दहा कोटींहून जास्त डॉलर मंजूर केले, आणि २०२५ मध्ये खर्च फार वाढला म्हणून काम थांबवलं. वस्ती उठवायला एवढा विचार केला नव्हता कोणी.

मग १९६७ चा जुलै, ट्वेल्फ्थ स्ट्रीटवर पोलिसांची धाड, पाच दिवस जाळपोळ आणि गोळीबार, ४३ माणसं गेली. कोणी दंगल म्हणतं, कोणी उठाव, कुठला शब्द वापरला त्यावरून बोलणारा कुठला हे इथे लगेच कळतं. पण लोक जायला त्याआधीच लागले होते, हे लक्षात ठेवा.

मग सुधारलं सुधारलं म्हणतात ते कशावरून?

दिव्यांवरून. खरंच. दिवाळखोरीच्या वेळी रस्त्यावरचे साधारण ४० टक्के दिवे बंद होते, तांब्याच्या तारा चोरीला गेलेल्या, बल्ब बदलायला माणूस नाही. मग वेगळं लायटिंग प्राधिकरण काढलं आणि २०१६ च्या शेवटपर्यंत ६५,००० एलईडी दिवे बसवले. नवीन टॉवरने माझ्या ओळखीच्या कुठल्याच म्हातारीचं आयुष्य बदललं नाही, पण बसस्टॉपवर उजेड आला त्याने बदललं. सकाळी साडेपाचला थंडीत काळोखात उभं राहून बघा म्हणजे पटेल.

आकडेच हवे असतील तर: २०२३ च्या अंदाजात शहराची लोकसंख्या वाढली, १९५७ नंतर पहिल्यांदा. वाढ दोन हजारांचीही नाही, पण इथे लोकांनी ती सणासारखी साजरी केली.

ते पडकं रेल्वे स्टेशन बघायचंय, फोटोत असतं ते.

उशीर झाला! ते आता पडकं नाही. मिशिगन सेंट्रल, १९१३ ला सुरू झालं, वर ऑफिसांचा उंच टॉवर, १९८८ च्या जानेवारीत शेवटची गाडी गेली आणि मग तीस वर्षं खिडक्या नसलेला सांगाडा उभा. जगभरातले फोटोग्राफर येऊन त्याचे फोटो काढायचे आणि शेजारी राहणाऱ्या माणसांना फ्रेमच्या बाहेर ठेवायचे. २०१८ मध्ये फोर्डने विकत घेतलं, सहा वर्षं काम चाललं, ६ जून २०२४ ला उघडलं, डायना रॉस आणि एमिनेम दोघं गायला आले होते. आता आत गेलात की मोठा हॉल बघा, मान दुखेपर्यंत वर बघत राहाल. गाडी मात्र एकही येत नाही, स्टेशन असून ट्रेन नाही. अॅमट्रॅकची, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वेची गाडी पकडायची तर न्यू सेंटरच्या छोट्याशा स्टेशनावर जायचं.

पॅकार्ड या जुन्या मोटार कंपनीचा पडका कारखाना पण गेला, २०२४ च्या शेवटी पाडून संपला. तो बघायचा राहिला म्हणून हळहळणारे भेटतात, समोर राहणारं कोणी हळहळताना मला दिसलं नाही.

एक डॉलरला घर मिळतं हे खरं का?

नाही. म्हणजे तशा बातम्या आल्या होत्या मंदीत, आणि पुण्यातल्या माझ्या एका चुलतभावाने चक्क पाच घेऊन टाकू का असं विचारलं होतं. रिकामी पडलेली घरं आणि प्लॉट डेट्रॉइट लँड बँक नावाच्या सरकारी संस्थेकडे येतात, लिलाव १,००० डॉलरपासून सुरू होतो, पण अट असते की सहा महिन्यांत घर दुरुस्त करून राहण्यालायक करायचं. आता छप्पर नाही, पाईप चोरीला गेलेत, तळघरात पाणी, असं घर दुरुस्त करायचा खर्च घराच्या किमतीच्या कितीतरी पट. आणि लांबून बसून घरं घेऊन ठेवणाऱ्यांनीच या शहराची वाट लावलीय, तेव्हा प्लीज नको.

लँड बँकेची मला सगळ्यात आवडलेली स्कीम साइड लॉटची. तुमच्या घराशेजारचं घर पाडलंय, जागा रिकामी आहे, तर ती तुम्हाला १०० डॉलरला मिळू शकते. वीस वर्षं कोणी न सांगता तिथलं गवत कापणाऱ्या माणसाला शेवटी ती जागा कागदावर मिळते. कोणी भाज्या लावतं, कोणी ट्रॅम्पोलिन ठेवतं, कोणी नुसती दोन खुर्च्या.

लोकांची घरं गेली कशी मग?

टॅक्समुळे, मोठ्या प्रमाणात. घरांच्या किमती मंदीत कोसळल्या पण पालिकेच्या वहीत त्या जुन्याच राहिल्या, मग त्या फुगवलेल्या किमतीवर कर. २०१० ते २०१६ मध्ये घरमालकांकडून मिळून ६० कोटी डॉलर तरी जास्त आकारले गेले असा हिशोब डेट्रॉइट न्यूजने छापला होता. न भरणाऱ्यांची घरं काउंटीने लिलावात काढली. त्याच सुमारास, २०१४ मध्ये, बिल थकलेल्यांचं पाणी तोडायला सुरुवात केली, हजारो घरांचं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांची माणसं बघायला आली होती. तीन मोठी तळी आणि एवढी नदी जवळ असताना.

गाडीशिवाय राहता येईल का?

येईल, पण चिडचिड होईल. गाड्यांचं शहर आहे हो, बस चांगली करणार कोण! एकेकाळी इथे ट्रामचं मोठं जाळं होतं, १९५६ मध्ये शेवटची वुडवर्ड या मोठ्या रस्त्यावरून गेली आणि डबे मेक्सिको सिटीला विकले. आता जे आहे ते असं: पीपल मूव्हर, १९८७ ची छोटीशी हवेतली गाडी, डाउनटाउनभोवती एकाच दिशेने २.९ मैलांची चक्कर मारते आणि परत तिथेच आणून सोडते, पाहुण्यांच्या मुलांना फार आवडते. क्यू-लाइन, २०१७ पासून वुडवर्डवर ३.३ मैल धावणारी ट्राम, तिकीट नाही, पण बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने चालते त्यामुळे कोणी वाकडी गाडी लावून कॉफी आणायला गेला की अख्खी ट्राम त्याची वाट बघत उभी.

खरं काम बस करते, आणि तिथे दोन वेगळ्या बससेवा, शहराची डीडॉट आणि उपनगरांची स्मार्ट. गंमत म्हणजे उपनगरांना स्मार्टमधून बाहेर राहायची मुभा होती, आपलं लाडकं नोव्हाय बाहेरच होतं, म्हणजे शहरातल्या माणसाला तिथल्या मॉलमध्ये नोकरी लागली तरी पोचायचं कसं? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ओकलंड काउंटीने मतदान करून ही मुभा काढली, सगळ्यांनी कर भरायचा आणि सगळीकडे बस. माझ्या मते हे स्टेशन उघडण्यापेक्षा मोठं झालं, पण त्याला गायला कोणी आलं नाही.

रस्ते एवढे रुंद आणि तिरके का आहेत?

११ जून १८०५ ला अख्खं गाव जळालं. मग ऑगस्टस वुडवर्ड नावाच्या न्यायाधीशाने नवा नकाशा काढला, चाकाच्या आऱ्यांसारखे मोठे रस्ते. योजना पूर्ण झाली नाही पण वुडवर्ड, ग्रॅशिएट, मिशिगन, ग्रँड रिव्हर हे आरे राहिले. पुढे त्यावर अठरा लाख लोकांच्या गाड्या धावतील असे लेन वाढवले आणि लोक निघून गेले. त्यामुळे दुपारी दोनला नऊ लेनचा रस्ता ओलांडताना एखादीच गाडी दिसते, आणि ती एक गाडी सुसाट असते. सांभाळून.

आता काही ठिकाणी रस्ते अरुंद करतायत. लिव्हरनॉइसवर, ज्याला अॅव्हेन्यू ऑफ फॅशन म्हणतात, २०१९ मध्ये मधला दुभाजक काढून फुटपाथ रुंद केले आणि सायकल लेन काढली. पण काम चाललं तेव्हा दुकानांसमोर नुसते खड्डे आणि कुंपणं, गिऱ्हाईक येईना, काही दुकानं तगलीच नाहीत. आज संध्याकाळी तिथे बाहेर टेबलं मांडलेली असतात, छान वाटतं, आणि हे छान होईपर्यंत जे टिकले नाहीत ते बघायला नाहीत. १९३४ चा बेकर्स कीबोर्ड लाउंज अजून आहे तिथेच, जॅझ ऐकायचं तर जा.

शनिवारी सकाळी एकच ठिकाण सांगा.

ईस्टर्न मार्केट, डोळे झाकून. १८९१ पासून त्याच जागी, मोठमोठ्या शेड, शेतकरी ट्रक लावून उभे. आपल्या मंडईची सवय असलेल्या माणसाला इथे पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटतं, भाव करता येतो (दुपारी उशिरा गेलात तर जास्तच), कोथिंबिरीची जुडी जुडीसारखी मिळते, प्लास्टिकच्या डबीत चार काड्या नाही. काळे, गोरे, अरब, मेक्सिकन, बांगलादेशी, सगळे एका रांगेत टोमॅटो चिवडताना या शहरात मी फक्त इथेच बघितलेत. मे महिन्यात फ्लॉवर डे असतो, मदर्स डे नंतरच्या रविवारी, तेव्हा मैलभर फुलांच्या कुंड्या आणि गाडी लावायला जागा शून्य.

बाहेर पडलात की शेजारीच डिक्विंडर कट आहे. जुनी रेल्वेलाइन, रस्त्याच्या खाली पंचवीसेक फूट, २००९ पासून तिथे चालायची आणि सायकलची वाट आहे, भिंतींवर चित्रं. तिने सरळ नदीपर्यंत जाता येतं.

आई-बाबा येणार आहेत, त्यांना चालायला जागा?

रिव्हरवॉक. सपाट, बाकं भरपूर, स्वच्छतागृहं आहेत. समोर दिसतं ते कॅनडा, आणि ते दक्षिणेला आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर दिशेवरून अर्धा तास वाद. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे मासे धरणारे आजोबा असतात, त्यांना माझी आई मराठीत विचारायची "लागला का गळाला?" आणि ते इंग्रजीत उत्तर द्यायचे, दोघांचं छान जमलं होतं. बेल आइल बेट पण दाखवा, २०१४ पासून ते राज्याचं पार्क झालंय त्यामुळे गाडीला पास लागतो, आणि शहराच्या जुन्या लोकांना ते आमचं बेट घेतलं असं अजून वाटतं.

सेफ आहे का?

२०२४ मध्ये शहरात २०३ खून झाले, तोपर्यंत १९६५ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. १९७४ ला हाच आकडा ७१४ होता. तरी एवढ्या लोकसंख्येला २०३ म्हणजे कमी नाहीत, ते मी लपवणार नाही. पण "डेट्रॉइट सेफ आहे का" याला उत्तर नसतं, कुठल्या ब्लॉकवर किती वाजता असं विचारा. एकाच रस्त्यावर चार घरं रंगवलेली, गुलाब लावलेले आणि पुढची तीन जळकी असं सर्रास. आणि ज्या घराच्या पोर्चवर माणसं बसलेली असतात त्यांना मान हलवून "हाऊ यू डुइंग" म्हणायचं, न म्हणता खाली मान घालून गेलात तर तुम्हीच संशयास्पद.

ही सुधारणा नक्की कोणासाठी चाललीय?

यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. डॅन गिल्बर्ट या उद्योगपतीने २०१० मध्ये आपली गृहकर्जाची कंपनी डाउनटाउनला आणली, मग इमारतींमागून इमारती घेतल्या, जुन्या हडसन्स स्टोअरच्या जागी टॉवर बांधला, जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं मुख्यालय तिथे हलणार असं २०२४ मध्ये जाहीर झालं. बुक टॉवर २००९ पासून बंद होता तो २०२३ ला झळाळून उघडला. मला जुन्या इमारती आवडतात, मी जाऊन फोटो काढले, खोटं का बोलू. पण कॅस कॉरिडॉर या जुन्या वस्तीचं नाव आता मिडटाउन झालंय आणि भाडं पण मिडटाउनचं झालंय. २०१७ च्या हॉकी-बास्केटबॉलच्या अरीनाला लोकांचे पैसे गेले, आजूबाजूला घरं-दुकानांचे पाच मोहल्ले होतील असं चित्र दाखवलं होतं, तिथे अजून मुख्यतः पार्किंग आहे.

आणि हे नवं नाही. १९८१ मध्ये जीएमच्या प्लँटसाठी पोलटाउन नावाची वस्ती उठवली, सुमारे ४,२०० माणसं, घरं, दुकानं, चर्च. नोकऱ्या येणार म्हणून. आपण ज्या धंद्याच्या जिवावर इथे आलो त्याच धंद्यासाठी, हे मला त्या प्लँटवरून जाताना दरवेळी आठवतं, आणि पगार त्याच धंद्यातून येतो हे पण.

रिकाम्या जागेत लोक शेती करतात म्हणे?

करतात, आणि हौस म्हणून नाही. बऱ्याच वस्त्यांत धड किराणा दुकान नव्हतं, पेट्रोलपंपावर चिप्स आणि सोडा मिळायचा तेवढाच. रूज पार्कमधलं डी-टाउन फार्म सात एकरांचं आहे, काळ्या शेतकऱ्यांनी चालवलेलं. त्याच लोकांच्या पुढाकाराने नॉर्थ एंडला २०२४ मध्ये सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान उघडलं, डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप. सहकार म्हटलं की मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, मी तिथे गेले तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमच्या गावची सोसायटी आली, फक्त इथे खुर्चीवरून भांडण दिसलं नाही. अजून तरी.

शहरात आपलं काही मिळतं का?

हॅमट्रॅमकला जा. डेट्रॉइटच्या पोटात वसलेलं वेगळं छोटं शहर, पूर्वी पोलिश लोकांचं, आता बांगलादेशी आणि येमेनी. कोनंट रस्त्यावर मिष्टी दही, हिलसा मासा, पडवळ, दोडका, सगळं. भाकरीचं पीठ मात्र उपनगरातच.

आणि ते मराठी खासदार?

श्री ठाणेदार. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचा जन्म, जानेवारी २०२३ पासून काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आपला पक्ष नव्हे), मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग. माझ्या आजोळी याचा फार अभिमान आहे. इथल्या बसमधल्या शेजारणीला मी हे सांगितलं तर तिने लगेच तिच्या गल्लीतल्या फुटपाथबद्दल त्यांना सांगशील का असं विचारलं, तो पालिकेचा विषय आहे म्हटलं तर म्हणाली सगळे असंच म्हणतात.

यायला कुठला महिना चांगला?

सप्टेंबर. हिवाळ्यात आलात तर कँपस मार्शियसला बर्फावर स्केटिंग असतं, उन्हाळ्यात त्याच बागेत वाळू टाकून बीच करतात. कानटोपी पुण्याहून आणू नका, तिचा इथे उपयोग नाही, ईस्टर्न मार्केटच्या बाहेर एक आजोबा विकायला बसतात त्यांच्याकडून घ्या आणि दोन घ्या, एक हमखास बसमध्ये राहते.